पाच रकान्यांतलं ‘नाही’

९ फेब्रुवारी

वन्सं,

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही रडता, त्यामुळे बोलणं होतच नाही. शिवाय फोनच्या पडद्याकडे दोन मिनिटं बघितलं की डाव्या डोळ्याला धार लागते. कागद त्यातल्या त्यात बरा. मोठ्या रेघांची वही आणि जाड पेन आणलंय. पुन्हा शाळेत घातल्यासारखं वाटतंय.

चेहरा कसा आहे, असं तुम्ही विचारलं होतं. तुम्ही पाहून गेलात त्यापेक्षा वाईट आहे. खपल्या पडल्या, खाली गुलाबी कातडी आली, इथवर ठीक होतं. मग ती ताणत गेली. जुन्या कपड्याला घट्ट हातानं रफू केलं की बाजूचं कापड चुण्या पडून ओढलं जातं ना, तसं. खालची पापणी गालाकडे ओढली गेलीय, झोपेतसुद्धा डोळा पुरता मिटत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात दोन शस्त्रक्रिया लागतील. तोवर वाचन दिवसाला वीस मिनिटं. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानानं शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. वीस मिनिटांत कादंबरीतला माणूस घराबाहेरही पडत नाही.

मी वकील केलाय. वकीलबाई आहेत, तरुण आहेत, टेबलावर चहाचे सहा डाग आहेत पण डोकं स्वच्छ आहे. नुकसानभरपाईची नोटीस गेली. त्यांनी सगळं क्रमानं लिहून मागितलं. तुम्हीही ताडून बघा:

चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा. यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. यांच्या आजारपणात माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं, ते घालवायला मी क्लिनिकमध्ये गेले. सोबत माझी नणंद होती. मला कुणी ओढून नेलं नव्हतं. गुलाबी कोटातल्या मुलीनं मला आडवं केलं, चेहरा पुसला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि ती बाहेर गेली. पाचेक मिनिटांनी परत आली. डॉक्टर दारातून “काय, तयार ना?” म्हणाला आणि गेला. औषध त्या मुलीनंच लावलं. चुरचुरतंय म्हटलं, तर म्हणाली, “काम चालू आहे म्हणून चुरचुरतंय.” आग होतेय म्हटलं, तर म्हणाली, “दोनच मिनिटं.” तिची दोन मिनिटं मी अजून भोगतेय.

तुम्ही बाहेर सोफ्यावर होतात. दार अर्धं उघडं होतं. मी ओरडले ते तुम्ही ऐकलंत. तेवढंच न्यायालयात सांगायचं आहे. याल ना?

तुमची वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी मी जेवले नाही. दादा असता तर त्यानं त्या डॉक्टरची गचांडी धरली असती.

पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे उगाच म्हटलेलं नाही. त्यांच्याकडे पैसा, त्यांच्याकडे वकिलांची फौज. आपण दोन बायका. तिथे तुला काय काय विचारतील याची तुला कल्पना नाही. नवरा गेलेल्या बाईला चेहऱ्याचं काय पडलं होतं, असं विचारतील. मी तसं म्हणत नाही, पण लोकांचं तोंड आजवर कुणी धरलेलं नाही.

आणि मी येऊन सांगणार तरी काय? मी मासिक चाळत बसले होते. आत काय लावलं ते मी पाहिलं नाही. दार उघडं होतं का तेही नीट आठवत नाही. तू ओरडलीस ते ऐकलं, पण किती वेळानं, ते सांगता येणार नाही. माझ्या एखाद्या शब्दानं तुझंच बिघडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

त्यापेक्षा चार दिवस इकडे ये. सूनबाई तुझी आठवण काढते. इथली हवा चांगली आहे, डोळ्याला बरं वाटेल.

तुझी वन्सं

३ मार्च

वन्सं,

हवा इथेही आहे.

क्लिनिकचं उत्तर आलं. सोबत संमतीपत्राची झेरॉक्स जोडलीय, तुम्हालाही एक पाठवते. वाचा आणि मग मला सांगा, कोर्टाची पायरी चढू की नको.

बारीक अक्षरातला सगळा कागद मी भिंग घेऊन वाचला. दोन दिवसांची वीस-वीस मिनिटं त्यात गेली. खाली पाच प्रश्न आहेत. पूर्वी एखाद्या क्रीमची, औषधाची किंवा केसांच्या रंगाची ॲलर्जी आली आहे का? नाही. त्वचेचा काही आजार? नाही. चालू औषधं? नाही. गेल्या महिन्यात चेहऱ्यावर दुसरे उपचार? नाही. काही शंका? नाही. पाचही रकान्यांत हातानं लिहिलेलं ‘नाही’. आणि खाली माझी सही.

वन्सं, मी त्या दिवशी एकाही कागदाला हात लावलेला नाही! मला आत नेलं ते थेट आडवं केलं. आणि केसांच्या रंगाला मी ‘नाही’ लिहीन? पाच वर्षांपूर्वी रंग लावला आणि माझं कपाळ सुजून दोन्ही डोळे मिटले होते, तुम्ही इथेच होतात. तुमच्या भावानं दुकानाचा माल पोचवायच्या गाडीत मागे फ्रिजच्या खोक्यांमध्ये बसवून मला दवाखान्यात नेलं होतं, आणि येताना म्हणाले होते, “मालातला एक डाग परत आला, ग्राहकानं घेतला नाही.” तुम्ही हसून हसून भिंतीला टेकला होतात.

म्हणजे यांनी मला भाजलं, आणि मग बसून माझ्या नावानं खोटा कागद रंगवला. माझ्या नावाची सही करताना त्या हाताला काहीच झालं नाही? मी कारखान्यात शर्ट तपासते. तपासलेल्या शर्टाच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी जाते. काज उसवलेलं निघालं तर तो शर्ट फिरून माझ्याच टेबलावर येतो. एका काजासाठी मी जबाबदार, आणि हे एका माणसाच्या तोंडासाठी नाहीत?

वकीलबाई म्हणतात, सही खोटी ठरली तर त्यांचं दुकान उठलं. त्या डॉक्टरच्या आणि त्या मुलीच्या अक्षराशी ताडून घेणार आहेत. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही. भरपाई मिळो न मिळो, त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारणार आहे, कोण तू, माझ्या नावानं ‘नाही’ म्हणणारा?

तुम्ही फक्त एवढंच सांगा की मी काही भरलं नाही, कशावर सही केली नाही. हे तरी तुम्हाला आठवत असेल.

तुमची वहिनी

२० मार्च

वहिनी,

अक्षर बघून दचकू नकोस. सुरीनं उजव्या हाताचं बोट कापलं, पट्टी बांधलीय. मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय.

झेरॉक्स मिळाली. बघून वाईट वाटलं. पण तू सहीच्या मागे का लागलीस? भाजलं ते भाजलं, सही कुणाची का असेना. तज्ज्ञ, तपासणी, यात वेळ आणि पैसा जाईल. वकिलांना काय, त्यांना तेच हवं असतं. चेहऱ्याबद्दल भांड, कागदाबद्दल नको.

यायचं म्हणते, पण यांचं गुडघ्याचं चालू आहे. बघू.

तुझी वन्सं

२८ मार्च

वन्सं,

बोटाला जपा. पट्टी रोज बदला, ओलं होऊ देऊ नका. डाव्या हातानंसुद्धा काम करू नका, घरात बाकीची माणसं आहेत ना?

इकडे तीन गोष्टी झाल्या. तिन्ही अशा की माझं डोकं अजून तापलेलं आहे.

पहिली, मला तपासणीच्या टेबलावरून काढून घड्या घालायला बसवलं. मुकादम म्हणाला, “बाई, तुमच्या नंबरचे सात शर्ट परत आले.” अठरा वर्षांत सात आले नव्हते. बोलला अगदी हळू आवाजात, त्याचाच जास्त राग आला.

दुसरी, क्लिनिकनं तडजोड कळवलीय. दिलेले पैसे परत, आणि वर सहा वेळा मोफत उपचार. मोफत! ज्यानं घर पेटवलं त्याच्याचकडून फुकट रंग काढून घ्यायचा. अट एकच, कुठे बोलायचं नाही.

तिसरी गोष्ट वकीलबाईंची. चांगल्या मनानं म्हणाल्या की अर्जात लिहू या, त्वचेला खाज होती, त्रास होता, म्हणून गेलात. म्हटलं, खाज नव्हती. त्या म्हणाल्या, “तसं लिहिलं की सहानुभूती मिळते. नुसतं बरं दिसायला गेले म्हटलं की समोरचे फाडून खातात.” म्हटलं, खाऊ द्या. वन्सं, अठरा महिने मी यांचं सगळं केलं. त्या अठरा महिन्यांत आरशात बघितलं ते यांची दाढी करताना, यांच्या खांद्यावरून. हे गेल्यावर एक दिवस नीट बघितलं तर दोन गाल कुणी चहा सांडल्यासारखे. मला बरं दिसायचं होतं. यात लपवण्यासारखं काय आहे? माझ्या दुःखाला त्यानं काय कमीपणा आला?

पंधरा एप्रिलला मी शपथेवर लिहून देणार आहे की क्लिनिकच्या माणसांनी माझी खोटी सही केली. तुमचं प्रतिज्ञापत्रही त्यासोबत जोडता आलं तर बरं. मजकूर वकीलबाई पाठवतील. बोट बरं झालं की तुम्ही फक्त सही करायची.

तुमची वहिनी

५ एप्रिल

वहिनी,

बोट अजून ठणकतंय, म्हणून पुन्हा सूनबाईच लिहितेय.

माझं ऐक. तडजोड घे. मोफत उपचार नको असतील तर त्याऐवजी जास्त पैसे माग, देतील. पण शपथेवर काही लिहून देऊ नकोस. क्लिनिकच्याच माणसांनी सही केली हे तू बघितलंस का? तुझ्या डोळ्यांवर कापूस होता. उद्या दुसरंच काही निघालं तर तूच अडकशील. शपथ ही साधी गोष्ट नसते. दादाची आण आहे तुला.

मला सही करायला सांगू नकोस.

तुझी वन्सं

(मामी, मी सूनबाई. आईंना न विचारता दोन ओळी लिहितेय. त्यांच्या बोटाची अजिबात काळजी करू नका, त्यांनी कालच दिवसभर बसून स्वेटरची आख्खी बाही विणली. पण तुमचं पत्र आलं की जेवत नाहीत, म्हणून भीती वाटते. तुम्ही त्यांना काहीतरी समजावून लिहा ना.)

११ एप्रिल

वन्सं,

बोट कसं आहे? दुसरी बाही झाली का?

सूनबाईला काही बोलू नका. घरात एकटी तीच खरं लिहिते.

मी काल झेरॉक्स घेतली आणि तुमचं सतरा फेब्रुवारीचं पत्र शेजारी ठेवलं. तुमच्या हातचं ते एकच पत्र माझ्याकडे आहे. का, ते आता कळलं. त्या पत्रात ‘नाही’ नऊ वेळा आहे. पाहिलं नाही. आठवत नाही. सांगता येणार नाही. तुम्ही शब्द आधी लिहिता आणि वरची रेघ मागून ओढता, आणि ती रेघ शब्द संपला तरी दाण्याएवढी पुढे जाते. नऊच्या नऊ ठिकाणी जाते. झेरॉक्सवर पाचच्या पाच ठिकाणी गेलीय. मी अठरा वर्षं हेच काम केलंय, वन्सं. एकाच हाताची शिलाई कुठल्याही कापडावर ओळखू येते. त्यासाठी दोन्ही डोळे लागत नाहीत.

वीस मिनिटं होती. त्यातली पाच पुरली. उरलेली पंधरा मी नुसती बसून होते.

आता मी तुला तू म्हणणार आहे. सव्वीस वर्षं तुम्ही म्हणत आले, तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असून. यांची बहीण म्हणून. आज तो मान मी काढून घेतेय.

तुला माहीत होतं. केसांच्या रंगानं माझं काय झालं होतं ते तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. मी त्या खोलीत डोळ्यांवर कापूस घेऊन पडले होते, आणि तू दहा पावलांवर बसून माझ्या नावानं पाच वेळा ‘नाही’ लिहिलंस. उठून आत येऊन विचारायला किती वेळ लागला असता? “वहिनी, तुला रंगाचा त्रास झाला होता ना, लिहू का?” एवढंच. मी हो म्हटलं असतं आणि आज मला डोळा असता.

आणि नंतर? चूक होते माणसाकडून. मी कधी केल्या नाहीत का? पण तू काय केलंस? पत्रावर पत्र पाठवलंस. मी भांडू नये म्हणून लोकांची भीती घातलीस. ‘नवरा गेलेल्या बाईला’ असं लिहिलंस, दुसऱ्याच्या तोंडी घालून. मी त्या गुलाबी कोटवालीला, त्या डॉक्टरला शिव्या घालत बसले, खोटी सही करणाऱ्याला उभं करीन म्हणाले, आणि तू ते वाचलंस आणि बोटाला पट्टी बांधलीस! मी काळजी केली त्या बोटाची. ओलं होऊ देऊ नका म्हणून लिहिलं. किती मूर्ख दिसले असेन मी.

चार दिवसांनी मी शपथेवर खोटं लिहून देणार होते. खरं समजून. मग त्यांच्या वकिलानं तुझं अक्षर पुढे ठेवलं असतं आणि सगळी केस चुलीत गेली असती, वर खोटी शपथ घेणारी म्हणून मलाच धरलं असतं. हे तुला कळत होतं, म्हणून तर दादाची आण घातलीस. मेलेल्या माणसाची आण घालून स्वतःची कातडी वाचवलीस. तीही न भाजलेली.

प्रतिज्ञापत्र मी थांबवलंय. वकीलबाईंना अजून सांगितलेलं नाही. तू काय लिहितेस ते बघते. आणि स्वतःच्या हातानं लिही.

वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

माझ्याच हातानं लिहितेय. बोटाला काही झालं नव्हतं.

तुला आत नेलं आणि ती मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, त्यांचा चेहरा ओला आहे, तुम्हीच भरून टाका, घरच्याच ना. मी पहिला प्रश्न वाचला आणि थांबले. देवाशपथ थांबले. तिला म्हटलं, हिला एकदा केसांच्या रंगाचा त्रास झाला होता. ती म्हणाली, “तो रंग होता, हे वेगळं. कुठे हो लिहिलंत तर कानामागे औषध लावून दोन दिवस थांबावं लागेल. सगळीकडे नाही लिहा, सगळे तेच लिहितात.” माझी दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती. मला वाटलं, दोन दिवसांनी तू एकटी परत जायची नाहीस. लिहिलं. सहीसुद्धा तुम्हीच करा म्हणाली, केली. घरात मुलांच्या शाळेच्या कागदांवर यांच्या सह्या मीच करत आले, हात सरावलेला होता. परक्यासमोर घरातलं दुखणं सांगायचं नसतं असं आपल्याला शिकवलेलं, त्यानंही हात चालला असेल.

अजून एक आहे. तेही सांगते, म्हणजे काही उरणार नाही. तुझ्यानंतर माझी पाळी होती. दोघी आल्या तर एकीच्या पैशात, अशी जाहिरात होती. यांना मी सांगितलं होतं की वहिनीला नेतेय, बिचारी एकटी असते. मलाही बरं दिसायचं होतं, वहिनी. तुझ्यासारखं सरळ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुला पुढे केलं. तू ओरडलीस आणि मी उठून रस्त्यावर गेले. आत नाही आले, बाहेर गेले. दार उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

आता तू म्हणशील ते.

तुझी नणंद

२७ एप्रिल

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. राग तिन्ही वेळा तेवढाच आला, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

वकीलबाईंना तुझ्या हातची दोन्ही पत्रं दाखवली. मला वाटलं, त्या डोकं धरून बसतील. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाई, हे खोट्या सहीपेक्षा भक्कम आहे. जिच्या अंगावर औषध ओतायचं तिला एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्याच बाईकडून कागद भरून घेतला. ती बाई सांगत असताना तिला ‘नाही’ लिहायला लावलं, का, तर दोन दिवसांची चाचणी टाळायला. पण हे सांगायला ती बाई उभी राहिली पाहिजे. पत्र चालणार नाही. उलटतपासणी होईल. तुम्ही दुसऱ्याची सही केलीत का, असं भर न्यायालयात विचारतील, आणि तिला हो म्हणावं लागेल.

म्हणजे माझा डोळा, माझं काम, माझी वीस मिनिटं, सगळं पुन्हा तुझ्याच एका शब्दावर येऊन थांबलंय. मला याचा किती संताप येतो ते तुला कळणार नाही. मी तुला विनवणार नाही. तारीख सहा जून, सकाळी साडेदहा.

वहिनी

१४ मे

वहिनी,

घरात सांगितलं. हे म्हणाले, “तुला नितळ व्हायचं होतं? या वयात?” मुलगा म्हणतो, आई, सही केल्याबद्दल तुलाच आत टाकतील, तब्येतीचं कारण सांगून मोकळी हो. सर्टिफिकेट मी आणतो. सूनबाईनं बसचं वेळापत्रक आणून टेबलावर ठेवलं.

मला भीती वाटते. उलटतपासणी म्हणजे नेमकं काय करतात?

येते.

तुझी वन्सं

८ सप्टेंबर

वन्सं,

निकाल लागला. क्लिनिक दोषी. संमतीपत्राला रद्दीची किंमत. दोन्ही शस्त्रक्रियांचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वर भरपाई. त्यातला पाचवा हिस्सा मात्र कापला, कारण ॲलर्जी माहीत असून घरच्या माणसानं कागदावर ‘नाही’ लिहिलं असं न्यायाधीशांनी म्हटलं. निकालात तुमचा उल्लेख ‘तक्रारदाराची नणंद’ असा अकरा ठिकाणी आहे. वकीलबाई म्हणतात, ते वरच्या न्यायालयात जातील. जाऊ देत. तोवर मला एक डोळा दुरुस्त करून मिळेल आणि मी त्यांची वाट बघत वाचत बसेन.

कापलेली रक्कम मी भरून देते असं तुम्ही सूनबाईकडून कळवलंत. नको. ते पैसे घेतले तर मला गप्प बसावं लागेल, आणि मला अजून पुष्कळ बोलायचंय.

सहा जूनला तुम्ही बोललात, मग मला बोलावलं. तोवर तुम्ही निघून गेला होतात, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या वकिलानं तोच प्रश्न विचारला. पती नसताना चेहऱ्यावर एवढा खर्च कुणासाठी? मी विचारलं, “साहेब, आज सकाळी गुळगुळीत दाढी करून आलात, ती कुणासाठी?” न्यायाधीश म्हणाले, बाई, विचारलं तेवढंच सांगा. म्हटलं, मग लिहून घ्या, माझं तोंड आहे म्हणून. वकीलबाई टेबलाखाली बघत हसत होत्या.

पण तुमचं मी सगळं ऐकलं. मागच्या बाकावर होते. “तुम्ही दुसऱ्याची सही केलीत?” हो. “ॲलर्जी माहीत असून ‘नाही’ लिहिलंत?” हो. “किंकाळी ऐकून मदतीला गेलात?” मला वाटलं, आता ‘आठवत नाही’ येणार. तुम्ही म्हणालात, “नाही. मी पळाले.” पदराचं टोक तुम्ही मुठीत धरलं होतंत. मला तुमची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

माफ केलंय का, ते मला माहीत नाही. सकाळी डोळ्यात मलम घालताना नसतं केलेलं. दुपारी कधी कधी केलेलं असतं. खरं बोलल्याबद्दल आभार मात्र मानणार नाही, ते तुमच्याकडे नोव्हेंबरपासून बाकी होतं.

आणि साक्ष झाल्या झाल्या तुम्ही मागच्या जिन्यानं बस गाठायला पळालात, हे कुठलं वागणं? पुन्हा पळालातच. मी त्या दिवशी पहाटे उठून दोघींचा स्वयंपाक करून ठेवला होता. मनात ठरवलं होतं, घरी आणून जेवायला वाढायचं आणि वाढता वाढता एक एक गोष्ट सुनावायची. तुम्ही नव्हतात. तुमच्या वाट्याचंही मीच जेवले, रागारागानं, आणि संध्याकाळपर्यंत पोट दुखत होतं.

याचीही भरपाई तुम्हीच द्यायची आहे. पुढच्या महिन्यात माझी पहिली शस्त्रक्रिया आहे. दवाखान्यात नेताना कागद भरावे लागतात आणि सोबत घरचं माणूस लागतं. या. कागद मी भरीन, तुम्ही शेजारी बसायचं.

तुमची वहिनी